मागणी असते शेवटच्या पानावर

मार्च उलटला की आमच्या मालमड्डीतल्या गच्च्या बोलायला लागतात. यंदा समोरच्या गच्चीवर दहावीतली एक मुलगी आहे. हातात पुस्तक धरून ती येरझाऱ्या घालते आणि इंग्रजीची उत्तरं मोठ्यांदा घोकते. जिन्याच्या तोंडाशी वाक्य सुरू होतं, पाण्याच्या टाकीला वळसा घालताना त्याला फाटे फुटतात, आणि ती परत जिन्याशी येईतो आपण कुठून निघालो होतो याची त्या वाक्याला शुद्ध राहिलेली नसते. मी खाली नववीच्या गणिताचे पेपर तपासत बसलेली असते. निदान माझ्या पोरांना आपलं चुकलंय हे तरी कळतं, असं मनात म्हणते आणि लाल पेन उचलते.

व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत अप्पा, म्हणजे माझे वडील, डोळे मिटून हे सगळं ऐकत असतात. जन्मभर वकिली केलेल्या माणसाला दुसऱ्याचं वाक्य अर्धवट सोडवत नाही. परवा त्यांनी खुर्चीतूनच हाक दिली, "अगं ए, वाक्य झालं तुझं. पण त्याची मागणी काय?"

काय म्हणताय म्हणून मुलगी कठड्यावरून वाकली. "एनु अज्जा?"

"अगं, तो लिहिणारा मागतोय काय?"

"गोत्तिल्ल अज्जा," माहीत नाही म्हणून ती हसली आणि पुन्हा टाकीकडे निघाली.

"काही शिकवत नाहीत हल्ली," अप्पा मला म्हणाले आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळी साडेसातला फोन येतो. त्याच्या बऱ्याच आधीपासून अप्पा धुतलेला सदरा घालून फोनशेजारी बसतात. फोन वाजला की पहिलं वाक्य ठरलेलं, "अगं, कशाला उगाच फोन केलास? कामं असतील तुला." त्यानंतर पाऊण तास ते फोन खाली ठेवू देत नाहीत.

फोन असतो गिरिजाचा. गिरिजा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, प्रमोदची बायको. आणि मागणीचं हे खूळ आमच्या घरात शिरलं ते तिच्या परीक्षेच्या उन्हाळ्यात.

प्रमोद गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात पंपांची डिझाइनं करायचा. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्याला आयर्लंडला नोकरी लागली आणि तो पुढे गेला. गिरिजाला त्याची बायको म्हणून लगेच जाता आलं असतं. पण ती अडून बसली. अळणावरजवळच्या खेड्यात भाताची शेती करणारं तिचं माहेर. कन्नड शाळेत शिकून, हुबळीला नर्सिंग करून ती आपल्या पायावर उभी राहिलेली. "मी गेलो तर नर्स म्हणून जाणार," असं तिनं जाहीर केलं. तिच्या माहेरी बायकासुद्धा 'मी गेलो, मी आलो' असंच म्हणतात, आणि गिरिजाच्या तोंडी ते फार ठाम वाटतं. "खिडकीत बसून तिथला पाऊस बघायचा असला तर अळणावरात काय कमी पडतोय व्हय?" आयर्लंडमधल्या एका इस्पितळानं तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती, पण जूनअखेरपर्यंतच. मध्ये आडवी पडली होती नर्स लोकांसाठी घेतात ती इंग्रजीची परीक्षा. एकदा ती त्यात नापास झाली होती. दुसरी संधी मेमध्ये. ती गेली की जागाही गेली.

आमच्या घरात इंग्रजी येणारी माणसं दोन. त्यांपैकी माझी इंग्रजी 'लेट एक्स बी' इथं सुरू होते आणि 'हेन्स प्रूव्ह्ड' इथं संपते. त्यामुळे वकीलपत्र अप्पांकडे गेलं.

अप्पांची इंग्रजी कोर्टातली. ती बोलायची भाषाच नव्हे, ती दाखल करायची भाषा. लहानपणी मला ताप आला की शाळेत चिठ्ठी जायची, तिच्यात 'वर नमूद केलेली विद्यार्थिनी, तिचा स्वतःचा कोणताही कसूर नसताना, तापाच्या कारणाने' इथपासून सुरुवात होऊन 'आणि न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटेल तो अन्य हुकूम व्हावा' इथपर्यंत सगळं इंग्रजीत असायचं. आमचे हेडमास्तर त्या चिठ्ठ्या शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवत. एकदा त्यांनी चिठ्ठीवर आडवं 'अर्ज मंजूर' असं लिहून ती परत पाठवली. घरी नव्या आलेल्या प्रत्येक माणसाला ही गोष्ट ऐकावीच लागते, गिरिजानं तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऐकली. आईशी भांडण झालं तरी अप्पा तिनं पुढे केलेला चहा 'विदाउट प्रेज्युडिस' म्हणून घ्यायचे. म्हणजे चहा घेतला याचा अर्थ भांडणातला हक्क सोडला असा होत नाही. आई म्हणायची, "घ्या, साखर कमी आहे, तेवढंही लिहून ठेवा."

आई गेली, मग गुडघ्यांमुळे कोर्टाच्या पायऱ्या सुटल्या. काळा कोट दाराआड खुंटीला लागला आणि अप्पांची इंग्रजी घरात नुसतीच पडून राहिली. त्यामुळे पहिल्या धड्याच्या दिवशी सकाळीच दाढी करून, समोर खुर्ची मांडून त्यांनी गिरिजाला "बसा" म्हटलं तेव्हा मी पेपरांच्या आड हसले. सुनेला ते एरवी 'अगं गिरिजा' म्हणत. हे 'बसा' पक्षकाराला होतं.

परीक्षेत एक पत्र लिहायला लागायचं. नर्सनं डॉक्टरला आपल्या पेशंटबद्दल लिहायचं. सरावाच्या पत्रात सांगायचं होतं इतकंच, की एका म्हाताऱ्या बाईंचा गुडघा दुखतो, जरा बघा. अप्पांनी डोळे मिटून मजकूर सांगितला आणि गिरिजानं जीभ दाताखाली धरून उतरवून घेतला. शेवट असा होता, की सबब आपण कृपावंत होऊन 'द सेड नी', म्हणजे सदरहू गुडघा, तपासावा अशी मी अत्यंत नम्रपणे प्रार्थना करते, आणि या दयेच्या कृत्याबद्दल सदर पेशंट, कर्तव्याने बांधलेली असल्याप्रमाणे, आपल्यासाठी सदैव प्रार्थना करत राहील.

"अप्पा, तिचा गुडघा दुखतोय. ती प्रार्थना कवा करणार?" गिरिजानं विचारलं.

"ते असावं लागतं," अप्पा म्हणाले.

आठवड्यातून दोनदा संगणकावर एक बाई शिकवायच्या. इंग्लंडातल्या, निवृत्त नर्स, पांढरे केस, मागे कपाटावर झोपलेलं मांजर. त्यांनी ते पत्र वाचलं. काही वेळ नुसतं मांजरच हललं. मग बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, "वेल, दॅट्स क्वाइट ॲन अनयूज्वल एंडिंग, गिरिजा. आय माइट पर्हॅप्स थिंक अबाउट ट्रिमिंग इट, जस्ट अ लिटल."

संगणकात दिसणार नाहीत अशा बेतानं अप्पा भिंतीला खुर्ची लावून बसले होते. क्लास संपताच ते उठले. "ऐकलंस? असाधारण म्हणाली! इंग्रज बाई म्हणाली!"

"कापा म्हणाल्या की ओ त्या."

"कुठं म्हणाली? माइट म्हणाली, पर्हॅप्स म्हणाली. म्हणजे सक्ती कुठंच नाही. आपण आहे तसं ठेवू."

ठेवलं. पुढच्या पत्राला बाई तितक्याच गोड आवाजात 'स्टिल रादर स्पेशल' म्हणाल्या आणि त्याखाली मार्क असे पडले, की माझ्या वर्गात ते पडले असते तर मी पालकांना बोलावून घेतलं असतं. अप्पांनी मार्क बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले. बाईंचा आवाज आणि बाईंचे मार्क एकमेकांना ओळखतच नव्हते.

एप्रिल तापत चालला. दुपारी वीज जायची, पंखा थांबायचा, आणि घरात फक्त फोनवरचे सरावाचे आवाज चालू राहायचे. खाली पोत्यावर आंबे पिकायला घातलेले. सगळ्या घरात त्यांचा घमघमाट आणि त्यात त्या न दिसणाऱ्या इंग्रज पेशंटांची कुरकुर. मला आजही पिकत्या आंब्याचा वास आला की वाटतं, आता कुणीतरी आपल्या कंबरेविषयी इंग्रजीत बोलणार.

अशाच एका दुपारी गिरिजानं वही आपटली. फोनमधला एक म्हातारा नर्सला म्हणाला होता, "आय वॉज जस्ट वंडरिंग इफ यू माइट पॉसिब्ली सी युअर वे टू ओपनिंग द विंडो, इफ इट इजन्ट टू मच ट्रबल." तिनं ते पाचसहा वेळा ऐकलं होतं.

"शब्द सगळे ओळखीचे हायत ओ अक्का," ती मला म्हणाली. "पण जत्रेत भेटल्यासारखे. कुणाचं कोण लागतंय कळंना." तिचे डोळे भरून आले होते. ती सहसा रडणारी नव्हे. "मला न्हाई जमायचं हे. तिथं खरंच कोण म्हातारा असा बोलला, आणि मी असा विचार करत उभा ऱ्हायलो, तर त्यो मरंल की माझ्यासमोर."

अप्पा खुर्ची ओढून पुढे आले. त्यांचा आवाज एकदम कोर्टातला झाला.

"हे बघ. आमच्याकडं नवा ज्युनिअर आला की अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला बसायचा आणि तासाभरात घोरायला लागायचा. मी कागद काढून घ्यायचो आणि शेवटचं पान उघडून द्यायचो. अर्जाच्या शेवटी मागणी असते, कोर्टात तिला प्रेयर म्हणतात. आधी अर्जदार कोण ते बघायचं, मग प्रेयर काय ते बघायची. मधलं सगळं नुसतं अंगावरचं पांघरूण. आता सांग, अर्जदार कोण?"

"पेशंट."

"त्याची प्रेयर काय?"

गिरिजानं नाक पुसलं. पुन्हा एकदा ऐकलं. "खिडकी उघड म्हणतोय?"

"बस्स!"

"यव्वा!" गिरिजा उठूनच उभी राहिली. "मग खिडकी उघड म्हणायला काय झालं त्या मुडद्याला?"

त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून कितीतरी वाक्यांची पांघरुणं काढली. दिसायला केवढी वाक्यं ती, आणि आत बघावं तर कुणाला पाणी हवं, कुणाला उशी हवी, एकाला तर डॉक्टर नुसता आवडलेला नाही. संध्याकाळी चहा घेता घेता गिरिजा थबकली. बशी खाली ठेवून म्हणाली, "अप्पा, त्या बाईंची प्रेयर काय होती?"

"कुठल्या बाईंची?"

"अनयूज्वल म्हणाल्या त्या. माइट, पर्हॅप्स, लिटल, हे सगळं पांघरूण. काढलं तर काय ऱ्हातंय? शेवट कापा."

आपल्याच युक्तीनं आपलीच प्रार्थना कापली जाणार हे अप्पांच्या ध्यानात यायला चहाचे दोनतीन घोट गेले असतील. मग त्यांनी वही मागून घेतली, पेन उघडलं, आणि 'सदैव प्रार्थना करत राहील' ही आपली जन्माची आवडती ओळ स्वतःच्या हातानं खोडली. "विदाउट प्रेज्युडिस," ते म्हणाले.

युक्ती दर वेळी चालायचीच असं नाही. एका सरावात एक नर्स दुसरीला म्हणते, या नव्या पाळ्यांनी जीव नको केलाय. दुसरी म्हणते, 'आय कुडन्ट अग्री मोअर.' अप्पांचं म्हणणं, कुडन्ट आहे, म्हणजे स्पष्ट नकार, प्रतिपक्षाला हे मान्य नाही. माझं म्हणणं, याहून अधिक मान्य करणं शक्य नाही, म्हणजे मान्यता कमाल मर्यादेला पोचली. मी पाठकोऱ्या कागदावर आकृतीसुद्धा काढली. अप्पा म्हणाले, आकृतीला पुरावा म्हणून किंमत नाही. बापलेकीत चांगलंच जुंपलं. गिरिजा कानाशी फोन धरून बसली होती. ती म्हणाली, "अक्काचं बरोबर हाय. ती बाई हसालीय ओ अप्पा. मान्य नसलं तर माणूस असं हसत न्हाई."

"हसण्यालाही किंमत नाही," अप्पा म्हणाले, पण केस हरल्याचं त्यांना कळलं होतं.

आम्ही म्हणायचो, इंग्रज मेला सरळ बोलतच नाही, ताकास तूर लागू देत नाही. मग एकदा मी ब्लाउज आणायला हुबळीला गेले. कमरीपेठेतला आमचा शिंपी मान वर न करता म्हणाला, "नाळे बर्री अक्का." उद्या या. मी तशीच परत फिरले, कारण मला पक्कं ठाऊक होतं की 'उद्या' म्हणजे कापड अजून कापलेलंही नाही. कापड कापून झालं असतं तर तो 'दोन दिवसांनी' म्हणाला असता. बसथांब्यावर एक जुनी शेजारीण भेटली. तिची बस सुटली तेव्हा ती खिडकीतून ओरडली, "या की एकदा घरी!" कुठं राहते ते मात्र तिनं सांगितलं नाही. त्याआधी वाटेत साड्यांच्या दुकानात भाव कमी करायला सांगितला तर मालक गोड हसून 'नोडोणरी', बघूया म्हणाला, आणि मी पिशवी उचलून चालू लागले. यातलं एकही वाक्य मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि एकाही वाक्याचा अर्थ त्याच्या शब्दांत नव्हता. बसमध्ये बसल्या बसल्या मला त्या इंग्रज बाई एकदम आपल्या गल्लीतल्याच वाटायला लागल्या. गणित शिकवणाऱ्या बाईला हे पटवून घेणं सोपं नसतं. आमच्याकडे बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू सारख्या असाव्या लागतात.

आणि हे माझ्या घरात, माझ्या नाकासमोर चाललेलं मला आधी दिसलं नव्हतं.

जेवताना अप्पांना आंबा विचारला की ते 'नको' म्हणतात. मी ठेवून देते. नको म्हणजे नको. आई गेल्यानंतर दोन उन्हाळे आमच्याकडे असंच चाललं होतं आणि मी शाळेत सांगत होते, वडिलांचं आंब्यावरचं मन उडालंय. गिरिजा आली आणि तिनं विचारलं, "अप्पा, आंबा?"

"नको."

"थोडा?"

"नको गं, उगाच."

"एकच फोड," असं म्हणून तिनं उत्तराची वाट न बघता आख्खा आंबा चिरून ताटात ठेवला. अप्पांनी तो कोयीसकट निकालात काढला आणि दुसऱ्याकडे बघितलं.

"आमच्यात पाव्हण्याला तीनदा विचारतात अक्का," गिरिजा नंतर भांडी घासताना म्हणाली. "पहिलं नको लाजंचं. दुसरं नको रीतीचं. तिसऱ्याला जे येतंय ते खरं. तिसऱ्यांदा विचारलं न्हाई तर पाव्हणा उपाशी उठतो आणि जलमभर बोलून दाखवतो." अप्पांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. दुसऱ्याच्या वतीनं ते जन्मभर मागत आले, स्वतःचं काही मागायची वेळ आली की त्यांच्या तोंडून नकोच बाहेर पडतं. मला तेव्हा गिरिजाचा थोडा हेवा वाटला हे खरं, आणि आंबा वाढायचं काम तेव्हापासून मी तिच्याकडेच दिलं.

मे महिन्यात परीक्षेला आम्ही तिघं बेंगळुरूला गेलो. सगळ्यांत अवघड भाग शेवटी होता. परीक्षक स्वतः पेशंट होतो आणि मुलीनं नर्स व्हायचं. तिला एक कार्ड मिळतं, पेशंटला काय काय सांगायचं ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि वेळ अगदी थोडा. अप्पा बाहेरच्या बाकावर निकालाची वाट बघणाऱ्या पक्षकारासारखे बसले होते. मी चहा विचारला, नको म्हणाले. मी आणखी दोनदा विचारलं. मग प्यायले.

गिरिजा बाहेर आली ती तोंड पाडून.

"गेलं अक्का. सगळं कार्ड राहून गेलं."

तिला मिळालेला पेशंट म्हणजे कंबरेचं ऑपरेशन झालेला म्हातारा. त्याला व्यायाम समजावून सांगायचे, गोळ्यांच्या वेळा सांगायच्या, घरी गेल्यावर काय काळजी घ्यायची ते सांगायचं. ती आत गेली, बसली आणि 'कसं वाटतंय' म्हणून विचारलं. म्हातारा म्हणाला, "परफेक्टली ऑल राइट, डिअर. डोन्ट यू बॉदर अबाउट मी." तिनं विचारलं, दुखत नाही ना? तो म्हणाला, "नॉट टू बॅड, रिअली."

"माझ्याकडं बघून त्यो असा हसला की मला एकदम आमचे अप्पाच दिसले," गिरिजा म्हणाली. "दोन नको झाले होते. तिसरं विचारायला नको? मी कार्ड ठेवलं बाजूला."

"आणि काय विचारलंस?" मी घाबरून म्हटलं.

"मी म्हटलं, सर, टू टाइम्स यू सेड ऑल राइट. नाउ थर्ड टाइम, प्लीज टेल ट्रूथ."

मी कपाळाला हात लावला.

"मग त्यो सांगायला लागला की ओ. झोपच येत न्हाई म्हणाला दुखण्यानं. पोरीला सांगत न्हाई, तिला ओझं नको म्हणून. मी विचारत गेलो, त्यो सांगत गेला, आणि वेळ संपली. व्यायाम ऱ्हायले. गोळ्या ऱ्हायल्या." आणि ती रडायलाच लागली. "ती जागा गेली अक्का. आता खिडकीतच बसायचं माझ्या नशिबात."

कार्डावरचं इतकं सोडून आल्यावर काय मार्क पडणार याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू झाला होता, पण तो मी तोंडावाटे बाहेर येऊ दिला नाही. अप्पा काठी टेकून उठले. "तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यानं सांगितलं ना? मग उभी राहिली केस," ते म्हणाले. आणि मग उगाचच दुसरीकडे बघून त्यांनी मला गाडी किती वाजता आहे ते विचारलं. तिकिटं त्यांच्याच खिशात होती.

निकालापर्यंतचे दिवस फार वाईट गेले. आंबे संपले. फोनमधले म्हातारे गप्प झाले. गिरिजा दिवसभर काहीतरी घासत, पुसत असायची आणि प्रमोदचा फोन आला की "बघू" म्हणायची. त्या 'बघू'चा अर्थ लावायची आमची कुणाचीच हिंमत नव्हती. निकाल लागला तेव्हा तो तिनं माझ्या हातात दिला, कारण आकडे माझे. मी आधी पटकन बेरीज केली, मग एकेक आकडा बघितला, मग ओरडले. पास! बोलण्यात सगळ्यांत जास्त मार्क. आत म्हाताऱ्याच्या पोटात शिरून बसलेलं दुखणं बाहेर काढायचं, हेही त्या परीक्षेत मोजत असणार. लिहिण्यात मात्र ती काठावर लागली होती.

"पत्रात काय लिहिलं होतंस?" मी विचारलं.

ती अप्पांकडे चोरून बघत म्हणाली, "सगळं कापलं. एक हम्बली ठेवला. एवढं शिकवलं अप्पांनी, एकबी न्हाई ठेवायचं म्हणजे बरं दिसत न्हाई."

अप्पा त्या दिवशी दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी मात्र ते दाराआडच्या काळ्या कोटावरची धूळ झटकत उभे असलेले मी पाहिले. जायचा दिवस ठरला तसा त्यांच्या इंग्रजीला पुन्हा बहर आला. शेजारणींनी विचारलं, आता तुम्हाला करमायचं कसं, तर म्हणायचे, "नो ऑब्जेक्शन व्हॉटसोएव्हर." गिरिजानं विचारलं, लोणचं थोडं नेऊ का, तर म्हणाले, "नो ऑब्जेक्शन." सगळी बरणी ने म्हणाले. आमच्या घरात इतकी संमती एकाच आठवड्यात कधी दिली गेली नव्हती.

आमचा विमानतळ गोकुळ रोडवरच आहे. जिथल्या कारखान्यातून प्रमोद रोज घरी यायचा, तिथूनच त्याची बायको निघाली होती. दारापाशी ट्रॉली थांबवून गिरिजानं अप्पांना वाकून नमस्कार केला. मला वाटलं होतं, अप्पा आता अर्धं पान भाषण करतील. ते एवढंच म्हणाले, "नो ऑब्जेक्शन."

"करमंल न्हवं अप्पा?"

"मला काय होतंय? सुमा आहे की." सुमा म्हणजे मी.

"खरंच न्हवं?"

"अगदी मजेत. तू जा, उशीर होतोय."

दोन झाले होते. मी शेजारी उभी होते आणि मोजत होते. मागे रांगेतली माणसं ट्रॉल्या पुढे ढकलत होती. गिरिजा हलली नाही. तिनं अप्पांच्या खांद्यावरून घसरलेलं उपरणं नीट केलं आणि हळूच विचारलं, "अप्पा, प्रेयर काय?"

कितीजणांच्या मागण्या अप्पांनी शेवटच्या पानावर लिहून दिल्या असतील. चष्मा काढून ते पुसत राहिले, आणि इंग्रजीतला एकही शब्द न वापरता म्हणाले, "रोज फोन कर." मग थोडं थांबून, "आणि लगेच ठेवू नकोस."

"अर्ज मंजूर," गिरिजा म्हणाली, आणि डोळे पुसत तिनं ट्रॉली आत ढकलली.